दीड इंच माया

भाचीने पार्सल फोडलं आणि आतून एक शर्ट बाहेर काढला. पुरुषी, मोठ्या चौकटींचा, खांदे पार कोपराकडे निघालेले. कॉलरच्या आत कुणा अनोळखी मानेचा इतिहास.

"मावशी, थ्रिफ्ट केलाय! साडेचारशेला."

याला मराठीत 'कुणाचातरी जुना घेतला' म्हणतात. मराठीत म्हटलं की तो पन्नासच्या वर जात नाही, म्हणून बहुधा कुणी म्हणत नसावं. लहानपणी आम्ही वर्षभर थ्रिफ्टच करत होतो. आत्तेबहिणीचा फ्रॉक थोरलीला, थोरलीचा मला, आणि माझ्याखाली मुलगी नव्हती म्हणून पुढे पायपुसण्याला. फरक एवढाच की तेव्हा फोटो काढायचा नव्हता, लपवायचं होतं. वर्गात कुणी "नवा का गं?" विचारलं की जोरात मान हलवायची आणि खालची उसवलेली दुमड हाताने झाकायची. दुमड उसवली की कापडावर एक गडद पट्टी उमटते, धुऊनही जात नाही. तिच्यावरून फ्रॉक किती वर्षांचा ते कुणीही सांगू शकतं.

"जरा फिट करून दे ना. अपसायकल."

अशा लेखात इथे आजी येणं सक्तीचं असतं. आणते. आमच्या आजीकडे कापडाला मरण नव्हतं, फक्त पदावनती होती. लुगडं बसायच्या जागी विरलं की तेवढा भाग काढून दोन धड टोकं जोडायची. याला दंड घालणे म्हणत. गरिबीबद्दल झालेला दंड, तोही गरिबानेच भरायचा. दंडाचं लुगडंही थकलं की त्यातून परकर, मग बाळाची दुपटी, मग गोधडीचा आतला थर, मग गरम भांडं उतरवायचं मसोतं, आणि शेवटी पोतेरं होऊन चुलीपाशी निवृत्ती. आत्मा जुनी वस्त्रं टाकून नवी धारण करतो असं भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलंय. आजीची भगवंतावर श्रद्धा होती, पण या ठिकाणी तिला शंका यायची. टाकून? जुन्याचं काहीच केलं नाही?

तर आजीला आता परत पाठवते. जाता जाता एक नोंद: पृथ्वी वाचवणं तिच्या कामात नव्हतं. तिला महिनाअखेर वाचवायची होती. हल्ली तिच्या गोधडीला 'शाश्वत जीवनशैली' म्हणतात, ते तिला कळलं असतं तर तिने आधी विचारलं असतं, त्याचे किती मिळतात?

आता शर्टाकडे. पुरुषी शर्टाचा बायकी टॉप करणं सोपं आहे असं जे मोबाइलवर चाळीस सेकंदांत दाखवतात, त्यांच्या घरी खांदे नसावेत. कडा आत घेणं कुणालाही जमतं. शर्ट उलटा करायचा, त्यावर नीट बसणारा कुर्ता पसरायचा, आंघोळीच्या साबणाची उरलेली चिपटी घेऊन बाजूने रेघ ओढायची (खडूपेक्षा बरी, धुण्यात जाते), रेघेवर टीप मारायची. झालं. फक्त तो अंगात घातला की खांदे कोपराकडेच असतात, आणि पोरगी वडिलांच्या शर्टात पळून चालल्यासारखी दिसते.

खरं काम मुंढ्याचं. अर्धं ब्लेड घ्यायचं आणि बाह्या उसवायच्या. घाई केली की ब्लेड टीप सोडून कापडात शिरतं. मग खांदा कापून वर घ्यायचा, मुंढा नव्याने गोल करायचा आणि त्या मापात बाही पुन्हा बसवायची. बाहीची गोलाई पुढून जास्त खोल असते, मागून कमी, कारण माणसाचे हात पुढे चालतात. म्हणजे डावी बाही डावीकडेच आणि उजवी उजवीकडेच लागते. हे मला चांगलं माहीत आहे. दुसऱ्यांना सांगतेसुद्धा.

रात्री अकरा वाजता शर्ट पूर्ण झाला. भाचीने घातला, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, कफची बटणं अंगठ्याकडे आलीत."

आली होती. बाह्यांची अदलाबदल झाली होती. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "डिझाइन आहे ते." तिने फोटो टाकला. सकाळपर्यंत तिघीजणींनी विचारलं होतं, कुठून घेतलास?

त्या यशाने मी माझाच कुर्ता बाहेर काढला. तयार घेतलेला, तीन वर्षांपूर्वीचा, रंग अजून ताजा. मीच जरा पुढे गेले होते. बाजू उसवून अर्धा-अर्धा इंच सोडावा म्हणून कुर्ता उलटा केला. आत काय? ओव्हरलॉकची नागमोडी दोऱ्याची कड, टिपेला अगदी खेटून, आणि तिच्यापुढे हवा.

माया नव्हती.

ज्यांनी कधी टेलरकडे उभं राहून वाद घातला नाही त्यांच्यासाठी सांगते: शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. हा शब्द ज्या कुणी पहिल्यांदा वापरला, त्याला कापडही कळत होतं आणि माणूसही. आईच्या लग्नातला ब्लाऊज माझ्याकडे आहे. उलटा केला की बगलेखाली दीड इंच माया, आणि त्यात एकाशेजारी एक तीन टिपांच्या खुणा. तिसरी, सगळ्यात आतली, लग्नाची. मधली माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळची. बाहेरची माझ्या वेळची. प्रत्येक वेळी एक टीप उसवायची, ब्लाऊज वाढायचा, नवीन घ्यावा लागायचा नाही. झाडाचं वय खोडाच्या वर्तुळांवरून काढतात, आमच्या आईची बाळंतपणं बगलेवरून. शिवणाऱ्याने पहिल्याच दिवशी हिशेब धरला होता की ही बाई पुढे तेवढीच राहणार नाही.

कारखान्याला हा हिशेब परवडत नाही. ओव्हरलॉकच्या मशीनला पातं असतं. ते शिवता शिवता कड छाटत जातं, वर दोरा गुंडाळत जातं. वाचलेला प्रत्येक पाव इंच हजारो नगांत मोजला की ताग्यांवर तागे वाचतात. मायेच्या जागी आता ताणणारा धागा आलाय. दुकानातली मुलगी सांगते, "मॅम, स्ट्रेचेबल आहे." म्हणजे तुम्ही वाढा, कापड सहन करेल. वर्षभराने ते गुडघ्याशी पिशवी होऊन लोंबतं आणि मग त्याला ना आत घेता येत ना बाहेर सोडता येत. त्याचं पायपुसणंही होत नाही. पाणी शोषत नाही, नुसतं पसरवतं.

आणि मापं? मी एका दुकानात एल आहे, शेजारच्यात डबल एक्सेल, आणि ऑनलाइन कधीकधी एम, तो दिवस चांगला जातो. परदेशी तक्त्यांवरून कापलेले कपडे देशी अंगावर चढवण्याचा हा उद्योग इतकी वर्षं बिनबोभाट चालू आहे. आपली स्वतःची मापं असावीत म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, 'इंडियासाइज' नावाचा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांत पंचवीस हजार माणसं थ्रीडी स्कॅनरसमोर उभी करायची, असा त्याचा घाट. विज्ञानाबद्दल मला आदर आहे. पण कोपऱ्यावरचा टेलर टेप गळ्यात टाकून हे माप दोन मिनिटांत घेतो, वहीत लिहितो आणि वर म्हणतो, "मागच्यापेक्षा दोन इंच वाढलंय, ताई." स्कॅनरला एवढं धैर्य कुठून यायचं?

यंत्राचा विषय निघालाच आहे तर गांधीजी. यंत्रांबद्दल त्यांचं मत सर्वांना पाठ आहे, पण १९२४ साली 'यंग इंडिया'त छापलेल्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून सूट दिली होती. आजवरच्या मोजक्या उपयोगी शोधांपैकी ते एक, असं त्यांचं म्हणणं. कारण? बायकोला हाताने शिवताना होणारा त्रास सिंगरला पाहवला नाही, म्हणून प्रेमापोटी त्याने हे यंत्र केलं. गोष्ट गोड आहे. प्रत्यक्षात १८५१ साली यंत्राचं पेटंट घेणाऱ्या या आयझॅक सिंगरचं प्रेम एका बायकोत मावणारं नव्हतं. एकाहून अधिक घरांत मिळून त्याला किमान चोवीस मुलं होती. त्याने माया मात्र भरपूर सोडली होती, एवढं म्हणायला हरकत नाही.

त्याच्या यंत्राने दुसरी एक गंमत केली. एकच मशीन. ते दुकानात ठेवून मागे बसला तो टेलर. त्याच्या नावाची पाटी लागली, 'जेन्ट्स अँड लेडीज'. तेच घरात खिडकीशी ठेवून मागे बसली ती 'थोडंफार शिवते'. सगळा वाडा तिच्याकडे यायचा. "जरा एवढी एक टीप मारून दे गं." एवढी एक टीप! या एका टिपेवर किती संसारांच्या चादरी, अभ्रे, शाळेचे गणवेश उभे राहिले, त्याची पावती कुणी फाडली नाही. पट्टा तिने बदलायचा, तेल तिने घालायचं, दोराही तिचाच. बदल्यात काय, तर "तुझ्या हातात कला आहे हो."

माझ्या आईच्या हातात ती होती. बाबांच्या ऑफिसच्या शर्टाची कॉलर दुमडीवर झिजून पांढरी पडली की ती शनिवारी रात्री कॉलर अख्खी उसवायची, उलटवायची आणि झिजलेली बाजू आत घालून पुन्हा शिवायची. सोमवारी बाबा नव्या कॉलरने कामावर. दोन्ही बाजू झिजल्या की कॉलर काढून टाकायची आणि शर्टाचा अभ्रा करायचा. पुढची बटणपट्टी आयती, उशी आत घालून बटणं लावली की झालं. बाबा रात्री स्वतःच्याच छातीवर डोकं ठेवून झोपायचे.

हल्ली टेलरकडे कॉलर उलटवायला गेलात तर तो तुमच्याकडे पाहतो, शर्टाकडे पाहतो आणि विचारतो, "नवीन नाही घेणार?" त्याचंही चुकत नाही. माझ्या कोपऱ्यावर फिटिंगचे दीडशे घेतात, आणि पदपथावर दोनशेला शर्ट लटकतोय. दुरुस्ती ही चैन झालीय. पूर्वी परवडत नव्हतं म्हणून दुरुस्त करत, आता परवडतं तेच करतात. म्हणून तर जुन्या खणाच्या तुकड्याचं जाकीट प्रदर्शनात मांडलं की त्याची किंमत अख्ख्या साडीच्या वर जाते.

बोहारीण अजून येते आमच्याकडे. दारात बसून साडी उजेडाकडे धरते, दोन अंगठ्यांनी ताणते, विरलेली जागा एका झटक्यात सापडते. पाच साड्या, दोन पँटी आणि एक तयार कुर्ता दिला तर पातेलं. परवा तिने कुर्ता बाजूला काढला.

"हा नको, ताई. ह्याचं काई होत नाई."

निफ्टचं काय ते होवो, मला त्या वाक्यात सगळा अहवाल मिळाला. लोकरीचं नशीब तिकडे बरं. जगभरचे टाकलेले स्वेटर, कोट पानिपतला येतात, रंगांनी निवडले जातात, फाडून पिंजले जातात आणि त्यांची घोंगडी-ब्लँकेटं होतात. आपल्याकडे एखाद्याचं पानिपत झालं म्हणजे संपलंच. स्वेटरांचं तिथून पुढे सुरू होतं. जुन्या जरीच्या पैठण्यांना तेही नशीब नव्हतं. जर घेणारे दारोदार फिरायचे, साडी नेऊन जाळायचे आणि राखेतून चांदी काढायचे. घरोघरच्या बायकांनी हौसेने पैसे मोजून घेतले आणि आज त्याच पैठणीचा फोटो शोधत बसतात.

कुर्त्याचं काय केलं? बाजूला दुसऱ्याच कापडाची पट्टी घातली. भाची म्हणाली, "वॉव, कॉन्ट्रास्ट पॅनेल!" आजी म्हणाली असती, ठिगळ.

आता एकच काम सांगते आणि मशीनवर झाकण घालते. दिवाळीआधी ब्लाऊज किंवा पोराचा कुर्ता शिवायला टाकाल, तेव्हा गळा किती खोल, बाही किती लांब हे सांगून झालं की टेलरला आणखी एक वाक्य सांगा: माया दीड इंच ठेवा. तो म्हणेल, "आता कोणी ठेवत नाही, ताई." तर कापड उचला आणि पुढच्या दुकानात जा.