उंबरठा उत्पन्न आणि आमची पुतणी

"काव वैनी, पोट्टी पुन्हा नापास झाली म्हंतात?"

कपडे वाळत घालता घालता शेजारच्या मावशींनी भिंतीवरून हा प्रश्न टाकला. वाशीममधला कुठलाही निकाल घरच्यांच्या आधी मावशींना कळतो. जिल्हा 1998 साली अकोल्यातून वेगळा झाला, पण मावशींकडे अकोल्याच्या बातम्याही अजून तितक्याच ताज्या येतात.

"पुन्हा नाही हो, पहिल्यांदाच. आणि एकच पेपर."

"एकाच पेपरासाठी इतकं कोंडून घेतलं? पोलिस भरतीत गेली असती तं अंगावर वर्दी आली असती. किती पेपर असतात तरी?"

"प्रवेश परीक्षा सोडून तेरा."

"तेरा? म्हंजे तेरावंच घातलं म्हना!"

मावशींना आवरणं कठीण. पुतणीनं अमरावती विद्यापीठातून संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी केलं तेव्हा त्यांनी पेढे खाल्ले होते. पण अ‍ॅक्च्युअरी व्हायचं म्हणजे काय, हे त्यांना सांगणारं कोणी भेटलं नाही. मीच म्हटलं, विम्याचा हप्ता किती असावा, पुढं कंपनीला किती पैसे द्यावे लागतील, तेवढे तिच्याकडं राहतील का, याचा हिशोब ही माणसं मांडतात. पुतणी अडकली तो सीएस-2 नावाचा पेपर. माणूस धडधाकट, आजारी आणि मेलेला, अशा तीन घरांतून कसा फिरतो याचं गणित त्यात असतं.

"आजाऱ्याचा धडधाकट होते का त्याच्यात?"

"होतो."

"अन् मेलेला?"

"तो तिथंच राहतो."

"मंग येवढं तं मले बी येते!"

तेवढ्यात पलीकडच्या घरातले विमा कार्यालयातून निवृत्त झालेले काकाजी भिंतीशी आले. विम्याचं नाव निघालं की त्यांचा गुडघा दुखायचा थांबतो. त्यांनी धूमकेतूवाल्या हॅलेपासूनच सुरुवात केली. 1693 साली त्यानं ब्रेस्लाउ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कोणत्या वयाला किती माणसं उरतात याचा तक्ता केला म्हणे. मग साताऱ्याच्या अण्णासाहेब चिरमुल्यांनी 1913 साली काढलेली वेस्टर्न इंडिया लाइफ, मग 1956 चं राष्ट्रीयीकरण आणि तेव्हाचे अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख. "आम्ही हप्त्याचे तक्ते पाठ म्हणत होतो बाई, पण तो तक्ता करणारा माणूस आमच्यापैकी कोणी कधी पाहिला नाही!"

मावशींना त्यात काही रस नव्हता. पीकविम्याचं नाव निघालं तेव्हा मात्र त्यांनी हातातलं लुगडं बाजूला ठेवलं. त्यांच्या मुलाचं मालेगाव तालुक्यात सोयाबीन. एका वर्षी नाल्याकाठचं सगळं सडलं आणि तरी विमा मिळाला नाही. तो राग अजून ताजा आहे.

"तुमच्या पोरीले इचारा, आमचं पीक बुडलं तं विमा काऊन नाई?"

हे पुतणीनं मला जेवताना समजावलं होतं, ते मी पुढं केलं. नुकसान मोजतात ते एकट्याच्या वावराचं नाही, अख्ख्या महसूल मंडळाचं. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच धरून सरासरी काढायची आणि जोखीमस्तर 70 टक्के असेल तर तिच्यातले तेवढेच टक्के धरायचे. सरासरी हेक्टरी दहा क्विंटल आली, तर उंबरठा उत्पन्न सात, मंडळ त्याच्या खाली गेलं तरच विमा. पीक कापणी प्रयोगात मंडळाचं साडेतीन निघालं, तर विमा रकमेच्या निम्मे मिळणार. मंडळात आठ निघालं आणि तुमच्या एकट्याच्या वावरात शून्य, तरी या हिशोबानं हातात काही येत नाही.

"अस्सं! म्हंजे दुसऱ्याचं पिकलं म्हनून आपन मेलो!"

हप्त्याचं म्हणाल तर, खरीप 2023 पासून एक रुपयात विमा होता, 2025 पासून सोयाबीनला पुन्हा विमा रकमेच्या 2 टक्के भरावे लागतात. एवढ्यानं काही विमा निघत नाही. खरा दर याहून बराच जास्त असतो, वरची भर केंद्र आणि राज्य घालतात. तो खरा दर मांडायला अ‍ॅक्च्युअरीच लागतो. मला विचाराल तर असा हिशोब करणाऱ्याची परीक्षा कडक असलेलीच बरी. मंडळाची सरासरी चुकीची आहे की नाही, हा वेगळा वाद. त्यात मी मावशींच्या बाजूनं आहे.

"मंग नापास कायनं झाली?"

वाचून वाचून! पुस्तक दोनदा वाचलं, ओळी रंगवल्या, शिकवणीचे व्हिडिओ बघितले, आणि आपल्याला येतं असं तिला वाटलं. पेपर हातात पडल्यावर वेळ पुरला नाही. शिवाय काही काम संगणकावर, आर नावाच्या भाषेत. ते तिनं शेवटी ठेवलं होतं, ते राहूनच गेलं. आता उलट चाललंय. परीक्षा घेणारी संस्थाच जुन्या प्रश्नपत्रिका आणि नमुना उत्तरं देते. ती काढायची, घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायचा आणि चुकलेलं गणित दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पुन्हा करायचं. आरचा सराव रोज सकाळी, लाइट जायच्या आत.

"अन् लग्न?" मावशींनी शेवटी मुद्द्याला हात घातलाच.

काकाजी लगबगीनं घरात गेले. मी म्हटलं, परीक्षा वर्षातून दोनदा होते मावशी, पुढची होऊ द्या. तोवर गल्लीतल्या सगळ्यांना हात जोडून सांगते, तिला निकालाचं विचारू नका, स्थळं सुचवू नका. पीकविम्याचं काही असेल तर संध्याकाळी सातनंतर विचारा.