स्टेम सेलवाल्या डॉक्टरांस भंडाऱ्याहून पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,


आपण भंडारा जिल्ह्यात अजून शाखा काढली नाही, हा आपला विनय. तशी गरजही नाही म्हणा. ऑटिझमवरची आपली जाहिरात मोबाइलवर दिसते, पुढचं काम विदर्भ एक्सप्रेस करते. आज भंडारा रोडला बसलं की उद्या मुंबई.

आपली कृतीही सुटसुटीत. पोराला भूल द्यायची, कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढायचा, त्यातल्या पेशी वेगळ्या करून पाठीच्या मणक्यात टोचायच्या. रक्त घडवणाऱ्या पेशींना मेंदूतलं काम कोण शिकवतं, हे विचारणं अडाणीपणाचं. सोबत रोजची स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी लावून देता, ही तर कमालच. पोरगं सहा महिन्यांनी ‘आई’ म्हणालं तर गुण पेशींचा. नाही म्हणालं तर आणखी एक डोस.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाला ही हातोटी जमली नाही. 180 मुलं घेतली, काहींना नाळेच्या रक्तातल्या पेशी दिल्या, काहींना पेशींविना नुसतं द्रावण. आणि 2020 मध्ये स्वतःच छापून मोकळे झाले, की मिळूनमिसळून वागण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही!

आपल्याकडचे सरकारी कागदही असेच रसभंग करणारे. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानंही 2022 मध्ये ऑटिझमला ही थेरपी नको म्हटलं. मात्र संमतीच्या कागदावर ‘प्रयोग’ आणि बिलावर ‘उपचार’ असं एकाच टेबलावर लिहिता येतं, ही विद्या त्यांच्याजवळ कुठली!

एक शंका. आमच्या भागात सिकलसेलची पोरं आहेत. भावाबहिणीचा बोन मॅरो जुळला तर प्रत्यारोपणानं तो आजार खरोखर बरा होऊ शकतो. स्टेम सेलचीच करामत ती. पण त्याची जाहिरात, हसऱ्या आईच्या फोटोसकट, आम्हाला कधी दिसली नाही. तिथं जुळणी तपासावी लागते, जिवाचा धोका सांगावा लागतो आणि आजार गेला की नाही हे रक्त तपासून कळतं, म्हणून तर नव्हे?

आपला,
एक पालक, भंडारा जिल्हा

ता. क. बांधी विकायची तर धान निघाल्यावर भाव बरा येतो. पहिला हप्ता तोवर थांबेल का? की ‘मेंदू लहान आहे तोवरच’ हा फोन आधी येईल?