ए, बी आणि फायबरची बोट

नोटीस लिहावी तर गुरुजींनीच, असा धडगावात माझा लौकिक आहे. तो पसरवायला मी स्वतः पुष्कळ खपलो आहे. ‘सबब’, ‘उपरोक्त’ असे शब्द कागदावर उतरले की अंगावर काळा कोट चढल्यासारखं वाटतं. सनद नाही, ही किरकोळ बाब.

त्यामुळे नर्मदेकाठच्या भूषा गावी बोट चालवणारा माझा जुना विद्यार्थी गाऱ्हाणं घेऊन आला, तेव्हा वाईट वाटण्याआधी मला आनंदच झाला. तळाला तडा गेला म्हणून त्याने फायबरची बोट एका ठेकेदाराकडे दिली होती. रीत अशी की बोट आधी खडखडीत वाळवायची, जुना थर घासून खरबरीत करायचा, मग फायबरची मॅट अंथरून हार्डनर घातलेलं रेझिन मुरवायचं आणि रोलर फिरवून आतली हवा काढायची. या पठ्ठ्याने ओल्यावरच एक थर थापला आणि वर झकास निळा रंग मारला. पाण्यात उतरल्यावर तो थर पापडासारखा सुटला. मी नखाने ओढून पाहिला, तर मॅटचे धागे पांढरेफटक, कोरडे. रेझिन त्यांना शिवलंसुद्धा नव्हतं. बोट परत दाखवायला नेली, तर उरलेल्या पैशांसाठी ठेकेदाराने इंजिनच उतरवून ठेवलं.

मी 1872 चा करार कायदा काढला. तो मला फार आवडतो, कारण त्यात पात्रं आहेत. ए आणि बी. दीडशे वर्षं एकमेकांना टोप्या घालताहेत, तरी व्यवहार करायला दुसरं माणूस शोधत नाहीत. कलम 73 मध्ये ए आगाऊ पैसे घेऊन बीचं घर दुरुस्त करतो, पण ठरल्याप्रमाणे नाही. तेव्हा ते काम नीट करून घ्यायचा खर्च बीला मिळतो. ‘घर’ खोडून ‘बोट’ लिहा, झाली आमची केस! पण कलम 170 मध्ये हाच ए, बी नावाच्या जवाहिऱ्याला कच्चा हिरा पैलू पाडायला देतो, आणि मजुरी मिळेपर्यंत हिरा अडकवून ठेवायचा हक्क बीला मिळतो. म्हणजे इंजिन गेलंच की! पुढे वाचलं तेव्हा जिवात जीव आला. काम ठरल्याप्रमाणे झालेलं असेल तरच हा हक्क. त्या ओळीखाली मी जाड रेघ ओढली. हिरे काय, जहाजं काय, कोटाचं कापड काय, ‘ए’कडे सगळं आहे. सातपुड्यात मात्र तो कधी राहायला आला नाही.

नोटीस धाडली. ठेकेदाराचं उत्तर आलं: बोट धंद्याची, सबब हा ग्राहकच नव्हे. मी खूश. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक कायद्यात धंद्याची धरत नाहीत.

पोट तरी कसलं! सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, त्यांतली 24 अक्राणीची, म्हणजे आमच्याच तालुक्यातली. वाटा पाण्याखाली गेल्या. काठच्या पाड्यांवर रेशन बोटीने जातं, अडलेली बाई बोटीने येते. 2019 च्या संक्रांतीला भूषाजवळ बोट उलटली, त्यात लहान मुलं गेली. तिथे दोष गर्दीचा होता, तळाचा नव्हे. पण तेव्हापासून पायाखाली ओल दिसली की बाया पोरांना मांडीवर ओढतात. रेझिनचा डबा वाचवणाऱ्याला हे कोणी सांगायचं?

असो. नंदुरबारच्या ग्राहक आयोगासाठी मी तक्रार वाचून दाखवली. मालात दोष असेल तर नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवता येतो, हेही ठसक्यात सांगितलं.

“तळाचा नमुना?” तो म्हणाला. “म्हणजे अजून एक भोक.”

मी चष्मा पुसला.

“त्यापेक्षा गुरुजी, तुम्हीच साक्षीदार व्हा. उद्या बसा बोटीत. पाणी कुठून येतं ते डोळ्यांनी बघा. मी वल्हवतो, तुम्ही डब्याने उपसा.”

“आलो असतो रे,” मी म्हणालो, “पण फाइल भिजेल.”

“फाइल घरी ठेवा की.”