अ‍ॅटॅचराव

अ‍ॅटॅचरावांचं खरं नाव काहीही असू शकतं. बाणेर-हिंजवडी पट्ट्यात कुठल्याही सोसायटीत ते सापडतात. ‘आपण काम काय करता?’ असं मात्र त्यांना विचारू नये. एका पाहुण्यांनी विचारलं आणि त्यांची शेवटची बस गेली.

काम तसं एका ओळीचं. चालू प्रोग्रॅमला मध्येच डीबगर जोडायचा, ऊर्फ अ‍ॅटॅच करायचा, आणि तो नीट जोडला गेला का ते बघायचं. डीबगर म्हणजे प्रोग्रॅममधले बग, म्हणजे चुका, शोधायचं हत्यार. त्यांचा डीबगर जीडीबी. १९८६ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिलेला. हे नाव उच्चारताना अ‍ॅटॅचराव सावरून बसतात.

गोम आहे ती थ्रेड्समध्ये, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या पोटात एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांमध्ये. लिनक्सवर प्रोसेसला एकदा दरडावलं आणि झाडून सगळे थ्रेड डीबगरच्या ताब्यात आले, असं होत नाही. एकेकाला वेगळं पकडावं लागतं. त्यासाठी जीडीबी थ्रेड्सची यादी वाचतो. पण यादी वाचून होते न होते तोच, अजून मोकळा असलेला एखादा थ्रेड नव्याला जन्म देऊन स्वतः नाहीसा झालेला असतो. लग्नघरात पोरांची डोकी मोजायला बसवलेल्या काकांचे होतात तेच हाल. म्हणून जीडीबी यादी पुन्हा पुन्हा वाचतो, आणि लागोपाठ दोन फेऱ्यांत नवा कुणी दिसला नाही की सगळे हाती लागले असं धरून चालतो.

असं धरून चालणारी माणसं अ‍ॅटॅचरावांना आवडत नाहीत. त्यांच्या लाडक्या चाचणीतला प्रोग्रॅम अल्पायुषी थ्रेड्स अखंड पैदा करत राहतो, आणि डीबगर त्याला दहा-दहा वेळा जोडून सोडायचा. नऊदा सुरळीत जाऊन दहाव्यांदा सगळं अडकलं, की त्या दिवशी ते स्वतः चहा करतात. सगळं पास झालं तर मात्र घरात कुणी त्यांच्या वाटेला जात नाही. पास म्हणजे काय? या खेपेला पास! ‘भाजी कशी झालीय?’ असं वहिनींनी विचारलं तर म्हणतात, ‘एकदाच खाऊन कसं सांगू?’

वहिनी अस्सल मल्टिथ्रेडेड. कुकरच्या शिट्ट्या, फोनवर नणंद, समोर पोराचा गृहपाठ. अ‍ॅटॅचराव मध्येच शिरतात : ‘थांब! आत्ता नेमकी कुठल्या ओळीवर आहेस?’ वहिनी थांबतात, कुकर थांबत नाही, शिट्ट्यांचा हिशेब चुकतो. बघणाऱ्यामुळेच वेळा बदलतात आणि असला बग नेमका तेव्हाच लपतो किंवा उपटतो, हे त्यावर त्यांचं शास्त्रशुद्ध स्पष्टीकरण. शास्त्र पटतं, करपलेली डाळ तेच खातात.

परवा पोरगा गणितात नापास झाला. जीडीबीच्या चाचण्यांत नापासाचेही प्रकार असतात. दोष भोवतालच्या यंत्रणेचा असला तर ‘एक्सफेल’. आपल्याच मालातला, आधीपासून ठाऊक असलेला बग असला तर ‘केफेल’. अ‍ॅटॅचरावांनी शांतपणे निकाल दिला, ‘एक्सफेल. शाळेचा दोष.’

इतक्या वर्षांच्या संसारात वहिनीही काही कमी शिकलेल्या नाहीत. ‘केफेल,’ त्या म्हणाल्या, ‘आणि बग तुमच्या घराण्याकडून आलाय. मामंजींची प्रगतिपुस्तकं माळ्यावर आहेत, काढू?’