पाचरकाका

काकांचं खरं नाव सोसायटीच्या फलकावर आहे, पण ते कोणी वाचत नाही. जगात वस्तू दोनच प्रकारच्या असतात, हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या, अशी त्यांची पक्की समजूत. हलणाऱ्या वस्तूशी त्यांचं वैर आणि ती चालवून घेणाऱ्या माणसाची त्यांना कीव. कोणाकडे चहाला गेले की बसण्याआधी खुर्चीची पाठ धरून तिला एकदा डोलवून बघतात. खुर्ची डुगडुगली की काकांची कळी खुलते.

पाकिटात पैसे कमी, पाचरी जास्त. सगळ्या लग्नपत्रिका कापून केलेल्या, जाडीप्रमाणे लावलेल्या. "वर्तमानपत्राची घडी दोन दिवसांत दबते. पत्रिकेचा पुठ्ठा दबत नाही." पहिल्या मजल्यावरच्या जोडप्याचा काडीमोड होऊन गेला, पण त्यांच्या पत्रिकेवर वाचनालयाचं कपाट अजून ठाम उभं आहे.

हॉटेलात मात्र पाचर शेवटी, आधी गणित. "तिवई कधी डुगडुगत नाही. तीन पाय कशाही जमिनीवर टेकतातच. भानगड चौथ्याची! पण पाय सारखे असले आणि फरशी नुसतीच उंचसखल असली, तर चौकोनी टेबल जागच्या जागी पाव फेरा फिरवेपर्यंत कुठेतरी चारही टेकतात. सिद्ध झालंय हे." ही सिद्धता चालू असते तेव्हा आम्ही मिसळीच्या ताटल्या हातात धरून टेबलाभोवती प्रदक्षिणा घालत असतो. शेवटी टेबल टेकतं. तोवर तर्रीवर साय धरलेली असते.

परवा शेजारच्या सूनबाईंचा टॅब त्यांच्या नजरेस पडला. कीबोर्डवाल्या कव्हरात उभा केलेला. ती टाइप करत होती आणि पडदा प्रत्येक अक्षराला मान डोलवत होता. काकांनी विचारलंसुद्धा नाही. टॅब उचलून थेट टीपॉयच्या काचेवर ठेवला, कारण टेबल सरळ असेलच याचा काय भरवसा? मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीनं दाबले. टक. टक. "खालचा एक रबरी बूट पडलाय." सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवला. टकटक थांबली.

इथे दुसरा कोणी उठून घरी गेला असता. काकांनी पडद्याला बोट लावलं. तो मागे झुकून पुढे आला.

"हे दुखणं वेगळं. लॅपटॉपचं वजन खाली असतं, याचं सगळं वर. त्यात तुम्ही वरच बोटं टोचता! म्हणून तर अ‍ॅपलनं २०२० साली आयपॅडचा कीबोर्ड काढला तो टॅबहून जड. आणि मायक्रोसॉफ्टच्या सरफेसला २०१२ पासून पाठीमागे टेकू आहे. टेबलावर तो हलत नाही. मांडीवर घेतलात तर मात्र तुमचं नशीब."

सूनबाईंच्या टॅबला टेकूही नव्हता आणि जड कीबोर्डही. बिजागरी घट्ट करावी तर स्क्रू कव्हराच्या आत बंद. काकांचे डोळे चमकले. कीबोर्डच्या पुढच्या कडेला खालून लोखंडी पट्टी चिकटली. बिजागरीच्या फटीत खोडरबराचा तुकडा गेला आणि उरलेल्या जागेत एक भरजरी लग्नपत्रिका, बहुधा तिचीच. वर गोंद. काकांनी पडद्यावर चार बोटं आपटली. पडदा हलला नाही. काकांनी टीपॉय हलवला. टीपॉयसकट टॅब हलला, आपल्या जागी हलला नाही.

सूनबाईंनी कौतुकानं पाहिलं आणि तो मिटायला गेली.

"काका, हा मिटत नाहीये."

"मिटणारी वस्तू हलणारच, पोरी. दोन्हींतलं एक निवडावं लागतं," काका हात पुसत म्हणाले. तेवढ्यात त्यांची नजर तिच्या खुर्चीवर गेली.

तिला पाच चाकं होती.