रेशोअण्णा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही लेथच्या दारात संध्याकाळी जा. आत टर्नर दुसऱ्या कुणाचं तरी तातडीचं काम करत असतो आणि बाहेर स्टुलावर मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन एक माणूस बसलेला असतो. तो रेशोअण्णा. फडक्यात यामाहा आरएक्स हंड्रेड मोटरसायकलचं हेड असतं. बाकीची गाडी घरी सोप्यात, हेडवाचून उघडी, सिलिंडरवर चपटी ताटली पालथी घातलेली. ताटली परत मागायचं बायकोनं कधीच सोडून दिलंय.

अण्णाचा संकल्प साधा आहे. गाडी ड्रॅगला लावायची. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ रेषेत सोडायची. कधी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "रेशो फायनल झाला की."

आता हा रेशो म्हणजे काय, ते अण्णा तुम्हाला सांगणारच, तेव्हा आधीच ऐकून ठेवलेलं बरं. पिस्टन तळाला असताना त्याच्या वर जेवढी जागा असते आणि माथ्याला पोचल्यावर जेवढी उरते, त्या दोन जागांचं प्रमाण. आरएक्सचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०, म्हणून इंजिन ९८ सीसीचं. माथ्यावर १० सीसी जागा उरली, तर ९८ अधिक १० भागिले १०, रेशो १०.८. हेड लेथवर अर्धा मिलिमीटर घासून घेतलं की ती जागा ९ सीसी होते आणि रेशो थेट १२ च्या उंबऱ्यावर जातो. अर्धा मिलिमीटर! अण्णाची उमेदीची वर्षं या अर्ध्या मिलिमीटरात गेली.

ही जागा मोजायला त्याच्याकडे सिरिंज आहे. प्लगच्या भोकातून रॉकेल-ऑइलचं मिश्रण थेंबाथेंबानं सोडायचं, आट्यांत राहिलेलं वजा करायचं, आकडा वहीत मांडायचा. रॉकेल थोडं मुरतं, थोडं सांडतं, आकडा दर खेपेला वेगळा येतो. म्हणून मग नवी सिरिंज. मेडिकलवाला आता नुसतं विचारतो, "अण्णा, सुईसकट की बिनसुईची?" पिस्टन आणि हेडच्या कडेमधली फट मोजायला सोल्डरची तार. ती आत घालायची, किक हातानं दाबत इंजिन एक फेरा फिरवायचं, चेपलेली तार मायक्रोमीटरमध्ये धरायची. घरातला रेडिओ दुरुस्त होत नाही, कारण सोल्डर शिल्लक नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण मोजायच्या रीती दोन आहेत. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला बाजूला एक्झॉस्टचं भोक असतं. ते झाकलं जाईपर्यंत पिस्टन काय दाबणार, कपाळ? म्हणून जपानी कंपन्या ते भोक बंद झाल्यापासून पुढचाच स्ट्रोक धरतात, आणि यामाहाच्या कागदावर रेशो ६.७ येतो. पूर्ण स्ट्रोक धरला की तेच इंजिन दहाच्या पुढं. एकदा लेथच्या दारात दोन अण्णा समोरासमोर आले. (होय, हा एकटा नाही, गल्लीगणिक एकेक आहे.) एक म्हणाला, "माझं सात हाय." दुसरा म्हणाला, "सातवर म्हशीचं दूधसुद्धा तापत न्हाई, माझं अकरा हाय." चहाच्या तीन फेऱ्या झाल्या, उद्यमनगराची शटरं खाली आली, तरी दोघं भांडतच होते. दोघांची इंजिनं जवळपास सारखीच होती, हे टर्नरला पहिल्या कपातच कळलं होतं. तो बोलला नाही. भांडण मिटलं तर हेड कोण आणणार?

रेशो वाढवावा की नाही, यावर अण्णाची दोन मतं आहेत आणि ती दोन्ही त्याचीच आहेत. वाढवावा, कारण दाब वाढला की त्याच पेट्रोलातून काम जास्त निघतं. मात्र कागदावरच्या हिशेबानंसुद्धा आठचा दहा केला तर कार्यक्षमता ५६ टक्क्यांवरून ६० वर जाते, आणि बाराचा चौदा केला तर जेमतेम दोन टक्के पदरात पडतात. उलट खडखड सुरू होते, म्हणजे मिश्रण ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच आपल्या मनानं भडकतं. हे सगळं हॅरी रिकार्डो नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं शंभर वर्षांपूर्वी धुंडाळलं. इंजिन चालू असतानाच रेशो कमीजास्त करता येईल असं यंत्र त्यानं बांधलं होतं. अण्णा त्याचा उल्लेख मेव्हण्यासारखा करतो, "आमचा रिकार्डो". तसं एक इंजिन अण्णाला मिळालं असतं, तर घराबाहेर पडायचं कारणच उरलं नसतं.

"ड्रॅग काही सेकंदांचं," अण्णा सोमवारी म्हणतो, "हेड तापायच्या आधी रेस संपती. घाल रेशो!" मंगळवारी कुणी कॉलेजचं पोरगं सांगतं की अमेरिकेतल्या ड्रॅगच्या टॉप फ्युएल गाड्या दहा हजार अश्वशक्तीच्या वर जातात आणि त्यांचा रेशो सातच्या आसपासच असतो. कारण उघड आहे, तिथं सुपरचार्जर हवा कोंबतो आणि टाकीत पेट्रोल नसतं, नायट्रोमिथेन असतं. पण अण्णानं "सात" एवढंच ऐकलेलं असतं. त्या रात्री सोप्यातला दिवा बंद होत नाही.

मग अण्णा हेड अर्धा मिलिमीटर घासून घेतो. घरी नेतो. रात्रभरात पश्चात्ताप होतो. घासलेला धातू परत येत नाही, म्हणून तो अर्धा मिलिमीटर जाडीचं तांब्याचं पॅकिंग कापून घेतो आणि हेडखाली घालतो. रेशो होता तिथं येतो, फट होती तेवढी होते, खिशातले पैसे मात्र टर्नरकडे आणि तांबटाकडे राहतात. "मग केलंस काय अण्णा?" "आता मनाला समाधान हाय."

सल्ला द्यायला मात्र तो कचरत नाही. पोरं येतात, अण्णा त्यांना साडेबारा सांगतो. आठवड्यानं पोरगं पिस्टन घेऊन परत येतं. अण्णा चष्मा पुसतो, पिस्टन उजेडात धरतो. "कड उंदरानं कुरतडल्यावानी खाल्लीया, म्हंजे खडखड. मधोमध भोक पडलं असतं तर प्लग गरम." प्लगच्या चिनीमातीवरचे अ‍ॅल्युमिनियमचे बारीक ठिपकेही तो दाखवतो. निदान शंभर टक्के बरोबर असतं, हे त्याच्या शत्रूलाही मान्य करावं लागेल. पोरगं नवा पिस्टन घालून, टायमिंग थोडं मागं घेऊन रेसला जाऊनही येतं. अण्णा त्याला वेळ विचारत नाही. रेशो विचारतो.

अखेर एकदा रेशो ठरला. ११.२. वहीत चौकट काढली, नारळ फोडला, हेडचे नट टॉर्क रेंचनं आवळले, ताटली स्वयंपाकघरात परत गेली. गल्ली गोळा झाली. अण्णानं किक मारली, गाडी पेटली, आणि मी खोटं बोलणार नाही, आवाज असा होता की पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. ट्रॉलीवाल्याला आगाऊ पैसे दिले गेले.

दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरायला अण्णा पंपावर गेला आणि फलकाकडे बघतच राहिला. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो, म्हणजे रेशो वाढवायला जागा. पण मिश्रण पातळ होतं, म्हणजे कार्बोरेटरचा जेट बदलायला हवा. जेट बदलला म्हणजे प्लगचा रंग पुन्हा वाचणं आलं. आणि इथेनॉल येतं कशातनं? उसातनं. अण्णा साखर कारखान्याचा सभासद. दीड एकर ऊस त्यानंच गाळपाला घातलेला.

ट्रॉलीवाल्याला त्यानं पंपावरूनच फोन लावला. "पैसं राहू देत तुझ्याकडं. पुढच्या हंगामाला जाऊ." मग टर्नरला. "हाईस न्हवं दुकानात? हेड घेऊन येतोय."