कार्यसाधक ज्ञान

राजभाषा अधिनियम, १९६३ अन्वये केलेले १९७६ चे नियम तामिळनाडू वगळता देशभर लागू असून, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला हिंदी येते म्हणजे नेमके काय येते, हे त्यांतील नियम ९ व १० मध्ये ठरवून दिलेले आहे. पुढील संवादातील राजभाषा अधिकारी या नियमांत मुरलेला आहे. महाराष्ट्रातच वाढलेला कारकून मात्र नुकताच रुजू झालेला असल्याने त्याचे कुतूहल अद्याप शाबूत आहे.

कारकून : साहेब, घोषणापत्रात ‘प्रावीण्य’ही आहे आणि ‘कार्यसाधक ज्ञान’ही आहे. प्रस्तुत कर्मचाऱ्याने कोणत्यावर सही करावी?

अधिकारी : हिंदी माध्यमातून मॅट्रिक किंवा तत्सम परीक्षा उत्तीर्ण झालेला, अथवा पदवीला हिंदी हा वैकल्पिक विषय घेतलेला कर्मचारी प्रवीण ठरतो, आणि मॅट्रिकला हिंदी हा नुसता एक विषय असला, तरी कार्यसाधक ज्ञान, म्हणजे काम भागण्यापुरते ज्ञान, प्राप्त झालेले असते.

कारकून : दहावीला हिंदी होती, पण त्यानंतर ती चित्रपटगृहाबाहेर फारशी भेटली नाही.

अधिकारी : ‘त्यानंतर’ हा शब्द नियमात नाही. शिवाय यांपैकी काहीच नसले, तरी आपल्याला प्रावीण्य आहे असे विहित नमुन्यात घोषित करणारा कर्मचारीही प्रवीणच मानला जातो.

कारकून : घोषणा केल्याने भाषा येते?

अधिकारी : येत नाही, मानली जाते, आणि ‘मानले जाईल’ असे म्हटले की जे प्रत्यक्षात असेलच असे नाही, ते आहे असे धरून कायदा पुढे चालू लागतो.

कारकून : मग मातृभाषेचा रकानाही घोषणेनेच भरावा काय? घरी तर सगळे मराठीच बोलतात.

अधिकारी : घरचे नंतर. जनगणनेच्या व्याख्येनुसार, बालपणी आई ज्या भाषेत त्या व्यक्तीशी बोलली ती मातृभाषा. आई तान्हेपणीच वारली असेल तरच घरात मुख्यत्वे बोलली जाणारी भाषा पाहायची. मूल काय बोलले, हे विचारलेलेच नाही.

कारकून : म्हणजे न येणाऱ्या भाषेसाठी कर्मचाऱ्याचा शब्द प्रमाण, आणि येणाऱ्या भाषेसाठी आईचा!

अधिकारी : टिपणी चांगली आहे, पण ती फाइलवर घेऊ नये. कार्यालयाचे काम निराळेच अडले आहे. ८० टक्के कर्मचाऱ्यांना कार्यसाधक ज्ञान असले, की नियम १० अन्वये संपूर्ण कार्यालयाच्या कर्मचारीवर्गाला ते असल्याचे मानले जाते आणि कार्यालयाचे नाव राजपत्रात अधिसूचित करता येते. त्यासाठी एकच सही कमी पडते आहे.

कारकून : तर मग प्रस्तुत कर्मचाऱ्याला उरलेल्या २० टक्क्यांतच राहू द्यावे, ज्ञान आपोआप प्राप्त होईल.

अधिकारी : त्या २० टक्क्यांत जागा रिक्त नाही. तिथे ज्येष्ठतेनुसार नेमणूक होते, आणि सर्वांत ज्येष्ठ साहेबांनी ती केव्हाच अडवून ठेवली आहे.